मासिकातला फ्रॉक आणि दुकानातली रांग

मैत्रिणींनो, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला सगळ्यात चांगला कागद कुठला? १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांच्या घरात शाळकरी मुलं होती, त्यांना हे सांगावं लागणार नाही. रशियन मासिकाचा! जाड, गुळगुळीत, रंगीत, आणि अख्खा पावसाळा काढला तरी न फाटणारा. ‘सोव्हिएत देश’ मराठीतून निघायचं, ‘सोवियत नारी’ हिंदीतून यायचं. आपल्या गोंदियाकडं हिंदी वाचायची कुणाला अडचण? एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला राजनांदगाव. बाजारात भाव करायचा तो निम्मा हिंदीतच. वर्गणी अगदी नाममात्र असे. त्यामुळं कम्युनिस्ट पक्षाशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही ही मासिकं पोचली. पुरुषमाणसं धरणांचे नि पोलादाचे आकडे वाचत, निदान वाचल्यासारखं करत. बायका थेट मागची पानं उघडत. तिथं पाककृती असे, विणकामाचा नमुना असे, आणि असे एखादी निरोगी, हसरी बाई. अंगात नीट बेतलेला फ्रॉक, गळ्याशी पांढरी कॉलर.

ही रशियन बाई आपल्याला अगदीच कागदावरची नव्हती बरं का. गोंदियाहून हावड्याच्या दिशेनं निघालं की आमगाव, सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, आणि मग भिलाई. तिथला पोलादाचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. करार झाला १९५५ साली, पहिली झोतभट्टी सुरू झाली फेब्रुवारी १९५९ मध्ये. रशियन इंजिनिअर आले, त्यांतल्या कित्येकांची बायकामुलंही आली. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला), पण रूळ तेच होते.

आता मुद्द्याचं बोलू. मासिकातला तो नेटका फ्रॉक त्या बाईला तिच्या गावी, तिच्या दुकानात मिळत होता का? बहुतेक वेळा नाही. मासिकात होता, दुकानात नव्हता, आणि तरीही पुष्कळ जणींच्या अंगावर होता. हे कसं जमत असे, ते सांगण्यासारखं आहे.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १९१७ साली रशियात क्रांती झाली. झार गेला, सरदार गेले, त्यांच्या बायकांचे रेशमी झगेही गेले. मॉस्कोत तेव्हा नाद्येझ्दा लामानोवा नावाची एक नामांकित शिवणकर्ती होती. जन्म १८६१ चा. थेट राजघराण्यासाठी शिवणारी. क्रांतीनंतर तिचं दुकान गेलं. १९१९ साली तिला तुरुंगातही टाकलं. लेखक मॅक्झिम गॉर्की यांनी रदबदली केली तेव्हा सुटली. वय जवळजवळ साठीला आलेलं. दुसरी एखादी देश सोडून पॅरिसला गेली असती, आणि तिथं तिला कामाला तोटा नव्हता. ही राहिली. म्हणाल, राहून केलं काय? कापड नव्हतं, सुई-दोरा मिळायची मारामार. तिनं खेड्यातले जाडेभरडे हातमागाचे टॉवेल घेतले, डोक्याला बांधायचे रुमाल घेतले, सैन्यातलं खरखरीत कापड घेतलं आणि त्यांचे कपडे बेतले. टॉवेलच्या दोन टोकांना जी लाल भरतकामाची पट्टी असते, ती बरोबर घेरावर किंवा बाहीवर येईल असा बेत. १९२५ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात या कपड्यांना ग्राँ प्री मिळालं. ज्या पॅरिसकडं बघून सगळं जग कपडे शिवत होतं, त्यानं टॉवेलच्या झग्याला पहिलं बक्षीस द्यावं, ही गंमत मला फार आवडते.

त्याच वर्षी लामानोवा आणि शिल्पकार व्हेरा मुखिना या दोघींनी मिळून एक चित्रसंग्रह काढला. नावाचा अर्थ ‘रोजच्या जगण्यातली कला’. सुटी पानं, प्रत्येकावर कपड्याचं चित्र आणि शेजारी तो कापायचा कसा त्याची आकृती. दोन टॉवेलांचा अंगरखा, रुमालांचा झगा, असं सगळं घरच्या घरी करण्याजोगं. त्यातल्या अंगरख्याच्या कल्पनेवरून आपल्याकडच्या टॉवेलांचं काय करता येईल, ते शेवटी सांगते. (याच मुखिनाबाईंनी पुढं १९३७ साली हातोडा उचललेला कामगार आणि विळा उचललेली शेतकरीण असा तो प्रचंड पोलादी पुतळा केला. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी तो रशियन सिनेमाच्या सुरुवातीला पाहिला असेल.)

कपड्यांचं खास मासिक म्हणावं असं ‘आतेल्ये’ १९२३ साली निघालं. एकच अंक निघाला नि बंद पडलं. त्याच सुमारास व्हार्व्हारा स्तेपानोव्हा आणि ल्युबोव्ह पोपोव्हा या दोन चित्रकर्ती मॉस्कोच्या सुती छपाईच्या गिरणीत दाखल झाल्या. फुलं-पानं ही जुन्या जमान्याची, आता गोल, चौकोन, रेघा, असं त्यांचं मत. त्यांचे नमुने आजही जुने वाटत नाहीत. त्यांच्या मागून आले ते मात्र कहरच होते. कापडावर ट्रॅक्टर, कापडावर धुराडी, विमानं, विजेचे खांब, विळे-हातोडे! बाईनं फ्रॉक घातला म्हणजे अंगावर पंचवार्षिक योजनाच पांघरली. अखेर १९३३ साली ‘प्रावदा’ या खुद्द पक्षाच्या वर्तमानपत्रानंच या कापडांची यथेच्छ टर उडवली आणि वर्षअखेर सरकारनं असल्या नक्षीला मनाई करणारा हुकूम काढला. बायकांना फुलंच हवी होती. फुलं परत आली. पण बघा हं, ट्रॅक्टर आला तोही वरून आणि गेला तोही वरूनच. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नव्हतं.

फुलांच्या या सुती कापडाला रशियन भाषेत म्हणतात ‘सित्येत्स’. कानाला ओळखीचं वाटतं का? ते आपलं चीट आहे! हिंदुस्थानातून छापील चीट डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून युरोपात गेलं, नावासकट गेलं, आणि पुढं रशियात पोचलं. आपल्या आज्यांच्या चिटाच्या परकराचं आणि रशियन शेतकरणीच्या झग्याचं नाव एकच. या चिटाची राजधानी म्हणजे इव्हानोव्हो गाव. तिथं गिरण्याच गिरण्या आणि गिरण्यांत मुलीच मुली, म्हणून सगळा देश त्याला ‘नवऱ्यामुलींचं गाव’ म्हणायचा.

महायुद्ध संपल्यावर सरकारनं कपड्यांचं काम पुन्हा मनावर घेतलं. मॉस्कोत कुझ्नेत्स्की मोस्त या रस्त्यावर कपड्यांचे नमुने तयार करणारी सरकारी संस्था होती, तिला ‘अखिल संघीय मॉडेल गृह’ म्हणू. तिथले कलाकार दर वर्षी नवे नमुने करत, तिथं कपड्यांची प्रदर्शनं होत. १९४५ पासून ‘झुर्नाल मोद’, म्हणजे फॅशनचं मासिक, निघू लागलं. शिवाय ‘राबोत्नित्सा’ (कामकरी स्त्री, सुरुवात १९१४) आणि ‘क्रेस्त्यान्का’ (शेतकरी स्त्री, सुरुवात १९२२) ही बायकांची दोन मोठी मासिकं होतीच. ‘राबोत्नित्सा’चा खप पुढं एक कोटीच्या वर गेला. एवढ्या घरांत एकच फ्रॉकचं चित्र जायचं!

मग तो फ्रॉक दुकानात का नव्हता? सांगते. आपल्याकडं एखाद्या दुकानदाराला कळलं की बायका मोतिया रंगाचं मागतायत, तर आठ दिवसांत तो नागपूरहून मोतिया रंग आणतो. नाही आणला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडं जातं. तिथं शेजारचा दुकानदारच नव्हता. गिरणीनं वर्षात किती मीटर कापड काढायचं, शिवणकारखान्यानं किती कोट शिवायचे, हे आकडे मॉस्कोत ठरत. आकडा गाठला की बक्षिसी, नाही गाठला की जाब. नवा नमुना घ्यायचा म्हणजे यंत्रं थांबवा, कारागिरांना शिकवा, नवी किंमत वरून मंजूर करून आणा. तेवढ्यात आकडा हुकायचा. मग मॅनेजर कशाला नवा नमुना घेईल? जुनाच कोट वर्षानुवर्षं निघत राहायचा. आणि घेतलाच नवा नमुना, तर कॉलर सोपी कर, खिसा काढून टाक, ठरलेलं बटण नाही तर असेल ते लाव, असं करत करत मॉडेल गृहातला डौलदार कोट कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत पोत्यासारखा व्हायचा. दुकानं कपड्यांनी भरलेली आणि घेण्याजोगं काही नाही, हे त्यामुळं. मुळात पैसा नि माणसं आधी पोलादाला, मग तोफांना, मग उरलं तर बायकांच्या चपला-मोज्यांना. भिलाईला भट्टी उभारून देणाऱ्या देशात बाईला नीट बसणारा बूट मिळायला नशीब लागायचं.

चांगला माल यायचाच नाही असं नव्हे. अचानक यायचा. पोलंडच्या ब्लाउजांची, युगोस्लाव्ह बुटांची खेप आली की बातमी वणव्यासारखी पसरायची, आणि रांग लागायची. आधी रांगेत उभं राहायचं, मग पुढच्या बाईला विचारायचं, ‘काय आलंय?’ आपल्याकडच्या रॉकेलच्या नि साखरेच्या रांगा आठवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको. प्रत्येक बाईच्या पर्समध्ये दोऱ्याची एक जाळीची पिशवी घडी करून ठेवलेली असे. नाव ‘अव्होस्का’. अर्थ साधारण ‘मिळालंच काही तर’. बोलण्यातही ‘विकत घेतलं’ म्हणायची रीत मागं पडली होती, ‘मिळवलं’ म्हणत. नव्या स्वेटरकडं बघून मैत्रीण विचारायची ती किंमत नाही, ‘कुठून मिळवलास?’ हे. आणि मॉस्कोच्या ‘गुम’ या सगळ्यात मोठ्या दुकानात बड्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी एक वेगळा विभाग होता, तिथं रांग नव्हती. समतेच्या राज्यातसुद्धा काही जणींचं अंग जास्त नाजूक असतं!

उरलेल्या बायकांनी मग काय केलं? त्या मशीनवर बसल्या.

तिथलं शिवणयंत्र म्हणजे मूळचं सिंगरच. मॉस्कोजवळ पोदोल्स्क इथं अमेरिकन सिंगर कंपनीचा कारखाना होता, क्रांतीनंतर सरकारनं तो ताब्यात घेतला नि तिथं पुढं सोव्हिएत नावानं यंत्रं निघू लागली. आपल्या माजघरात ऊषा, त्यांच्या एका खोलीच्या घरात पोदोल्स्क. शाळेत मुलांना सुतारकाम नि मुलींना शिवण. मुलीनं पहिल्यांदा शिवायचा तो ॲप्रन. म्हणजे मशीनवर सरळ टीप मारता न येणारी मुलगी विरळाच.

आणि इथंच त्या मासिकांचं खरं काम सुरू व्हायचं. आपल्या आजच्या फॅशन मासिकांत दर दोन पानांमागं जाहिरात असते. कपडा दाखवतात तो घ्यावा म्हणून. तिथं विकायला काही नव्हतंच. म्हणून चित्राबरोबर बेत द्यायचे. पण तो बेत म्हणजे अंगाएवढा कागद नव्हे हं. तळहाताएवढी आकृती, तिच्या कडेला सेंटिमीटरचे आकडे. साधारण एकाच मापाची, बहुधा ४८ नंबरची. (तिथला नंबर म्हणजे छातीच्या घेराच्या निम्मं, ४८ म्हणजे छाती ९६ सेंटिमीटर.) तुमचं अंग ५२ चं असो की ४४ चं, आकृती मोठी करून जुन्या वर्तमानपत्रावर उतरवायची, वाढ-घट स्वतःच्या डोक्यानं करायची, मग कातरी लावायची. ज्यांनी शिवणाच्या क्लासात तपकिरी कागदावर ड्राफ्ट काढलेत, त्यांना कळेल की हे किती कटकटीचं आहे. बगलेचा गोल अर्धा बोट चुकला की सगळं कापड वाया, आणि ते कापड रांगेत दोन तास उभं राहून मिळवलेलं. एक नजर कागदावर, दुसरी छातीच्या धडधडीवर.

या मासिकांची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. त्यांत अंगानं भरलेल्या बायकांसाठी, वय झालेल्या बायकांसाठी निराळे नमुने असत. उभ्या शिवणी कुठं घ्याव्यात, कंबर कुठं दाखवावी नि कुठं झाकावी, पन्नाशीच्या बाईनं कोटाची कॉलर कशी ठेवावी, हे गंभीरपणानं सांगितलेलं असे. तुम्ही जाड आहात म्हणून हे मलम घ्या नि ते चूर्ण घ्या, असं कुणी भिवडवत नसे. त्याबरोबर उपदेशही असे, खंडीभर. साधेपणा, नेटकेपणा, संयम. भडक नको, फार दागिने नकोत, कामावर जाताना काय नि नाटकाला जाताना काय. वाचताना वाटतं, ही आपली सासूबाईच बोलतेय! ‘चांगली अभिरुची’ म्हणजे काय ते ठरवायला तज्ज्ञांच्या समित्या होत्या. नमुना त्यांच्यापुढून गेल्याशिवाय कारखान्यात जात नसे.

काटकसरीच्या युक्त्या तर अशा की आपल्या आयाबायांनी हसून मान डोलवावी. कोटाचं कापड वरून विटलं की सगळ्या शिवणी उसवून, कापड उलटून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायचं. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर गेली की पाठीचा भाग घेऊन मुलीचा फ्रॉक. जुना स्वेटर उसवून लोकर लडीत गुंडाळायची, धुवायची, वजन टांगून वाळवायची म्हणजे तिच्या गुंड्या सुटतात, आणि नवा विणायचा. एकाच काळ्या झग्याला चार निरनिराळ्या कॉलरी, म्हणजे चार झगे. आपण विटक्या लुगड्याला दंड घालून ते आणखी दोन वर्षं चालवत होतो, त्यातलीच जात. शाळेचा गणवेशही मोठा खटाटोपाचा. १९४८ पासून मुलींना तपकिरी झगा आणि त्यावर काळा ॲप्रन, सणाला पांढरा. गळ्याला नि मनगटाला पांढरी पट्टी, ती मळली की उसवायची, धुवायची, इस्त्री करायची नि पुन्हा शिवायची. आठवड्यातून निदान एकदा. झगा एकसारखा असेना, पट्टीला लेस लावायला कुणाची बंदी नव्हती! वर्गातल्या तीस मुलींच्या तीस पट्ट्या बघून कुणाची आई कशी, ते कळायचं.

पण हे सगळं केव्हा? १९७० च्या सुमारास सोव्हिएत देशात नोकरी करणाऱ्यांत निम्म्याहून थोड्या जास्त बायका होत्या. दिवसभर कारखाना किंवा कचेरी, मग रांग, मग स्वयंपाक, मग मुलांचा अभ्यास. मशीनची टकटक सुरू व्हायची ती त्यानंतर. ज्या कामाला सरकारी हिशेबात एक रकाना नव्हता, त्या कामावर देश नीटनेटका दिसत होता. नवऱ्यांनी रांगेत उभं राहावं, बेत कापावा, असं त्या मासिकांनाही फारसं सुचलेलं दिसत नाही. पोटऱ्या दुखल्या तर पाय उंच करून झोपा, एवढा सल्ला मिळायचा.

ज्यांना शिवायला जमत नसे, त्यांच्यासाठी सरकारी शिवणघरं होती. तिथं नंबर लावायचा, महिनोन् महिने थांबायचं. त्यापेक्षा गल्लीतली शिवणारी बाई बरी! ती मात्र चोरूनमारून शिवायची, कारण परवान्याशिवाय स्वतःचा धंदा करणं हा गुन्हा. कर वसूल करणारा निरीक्षक दारात आला की ‘या माझ्या मावसबहिणी’ म्हणायची पाळी. आपल्या गोंदियाच्या गल्लीगल्लीत ‘येथे ब्लाउज, फॉल-पिको करून मिळेल’ अशी पाटी लावून बसणाऱ्या बाईला हे ऐकून नवल वाटेल.

सगळ्या देशात पश्चिमेकडच्या कडेच्या लहान राज्यांचं कौतुक फार. लॅटव्हियातल्या रिगाचं ‘रिगास मोदेस’ आणि एस्टोनियातल्या तालिनचं १९५८ साली सुरू झालेलं ‘सिल्युएट’ ही मासिकं मॉस्कोच्या बायका मैत्रिणीमैत्रिणींत फिरवून वाचत. त्या फॅशनला युरोपचं वारं लागलेलं. तरुण पोरांनी तर आधीच अरुंद विजारी नि भडक टाय घालून डोकेदुखी करून ठेवली होती. १९४९ साली एका विनोदी मासिकानं त्यांना ‘स्तिल्यागी’ असं हिणवलं, आणि पुढं युवक संघटनेची टोळकी रस्त्यात त्यांच्या विजारी कापत हिंडत.

जून १९५९ मध्ये मात्र अघटित घडलं. पॅरिसच्या दिओर कंपनीनं चक्क मॉस्कोत कपड्यांचं प्रदर्शन भरवलं. तेव्हा कंपनीची धुरा ईव्ह सँ लोराँ या विशीतल्या पोराकडं होती. त्या मॉडेल मुली टोप्या नि हातमोजे घालून ‘गुम’मध्ये आणि बाजारात फिरल्या, त्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. मुलींपेक्षा भोवतालच्या बायका बघाव्यात. डोक्याला रुमाल, अंगात चिटाचे झगे, हातात पिशव्या. कुणी हसतेय, कुणी तोंडावर हात ठेवलाय. एकीची नजर मात्र शिवणीवर आहे असं मला नेहमी वाटतं. ती घरी जाऊन बेत काढणार!

इव्हानोव्होचाच एक मुलगा व्याचेस्लाव झाइत्सेव्ह. जन्म १९३८, आई कष्टकरी. १९६२ साली शिक्षण संपवून तो कामगारांचे कपडे करणाऱ्या कारखान्यात लागला. तिकडं थंडीत बायका कापूस भरून उभे टाके घातलेला जाड कोट घालतात, आपल्या गोधडीसारखा. रंग कायम करडा नाही तर काळा. रस्त्यावर, शेतात, रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्या बाईचा हाच पोशाख. झाइत्सेव्हनं ठरवलं की हाच कोट फुलाफुलांच्या रंगीत कापडाचा करायचा आणि लोकरीचे बूटही रंगवायचे. वरिष्ठांनी तो संग्रह साफ नाकारला. पण फ्रान्सच्या एका साप्ताहिकानं त्याची दखल घेतली, परदेशी वर्तमानपत्रांनी त्याला ‘लाल दिओर’ म्हटलं. घरच्या लोकांना ते फारसं रुचलं नाही. १९८२ मध्ये मॉस्कोत त्याच्या हाती स्वतःचं फॅशनगृह आलं. एप्रिल २०२३ मध्ये तो वारला. गोधडीच्या कोटावर फुलं काढणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्यात कुणाचा काय फायदा होता, हे मला अजून कळलेलं नाही. राबणाऱ्या बाईला रंग आवडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याकडं आषाढात रोवणीच्या बांधीवर एकदा येऊन बघावं. गुडघाभर चिखलात एकाहून एक लुगडी! हिरव्यागार रोप्यात लाल, पिवळी, जांभळी.

आपलाही माल तिकडं जाई बरं. रुपयांत व्यवहार असल्यामुळं लुधियानाचे स्वेटर, सुती शर्ट, आणि १९८० च्या दशकात ‘अॅव्हिस’ नावाच्या हिंदुस्थानी जीन्स तिकडं पोचत. अमेरिकन जीन्ससाठी तिथली पोरं महिन्याचा पगार मोजत. ते न जमणारे आपल्या जीन्सवर समाधान मानत. इकडं आपण रेशनच्या दुकानात कंट्रोलच्या कापडासाठी नि जनता साडीसाठी उभ्या, आणि तिकडं आपल्या मालासाठी त्या उभ्या.

मार्च १९८७ मध्ये जर्मनीचं ‘बुर्दा मोडेन’ रशियन भाषेत निघालं. तिथं प्रसिद्ध झालेलं ते पहिलं पाश्चात्य मासिक. त्यात नवं काय होतं? तर अंगाएवढे बेत! एका मोठ्या कागदावर निरनिराळ्या मापांच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या, आपलं माप शोधायचं नि दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचं. बायका त्या अंकासाठी अक्षरशः तुटून पडल्या. सत्तर वर्षांत चंद्राच्या मागची बाजू पाहून झाली, पण बाईला तिच्या मापाचा कागद मिळायला जर्मन मासिक यावं लागलं. चारच वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ मोडला. दुकानं भरली. मशीनं हळूहळू गच्चीतल्या खोल्यांत नि पलंगाखाली गेली. आपल्याकडचं काय वेगळं झालं म्हणा!

आता कबूल केलेला टॉवेलांचा अंगरखा. कल्पना त्या १९२५ च्या संग्रहातली, पण हा बेत माझा, आपल्या मापांचा. हातमागाचे किंवा खादीचे, साधारण हातभर रुंद नि दीड मीटर लांब असे काठाचे दोन टॉवेल घ्या. आधी पाण्यात भिजवून वाळवा. आटायचे ते आटू द्या. दोन्ही मधोमध आडवे दुमडा, घडी खांद्यावर येईल. शेजारी शेजारी ठेवून पाठीच्या बाजूच्या मधल्या कडा खालपासून वर जोडा. मानेखाली चार बोटं मोकळी सोडा. पुढच्या कडा जोडू नका, त्या वरच्या बाजूला बाहेर उलटल्या की आपोआप कॉलर होते. आता बगल. अंगरखा उलटा करून खांद्याच्या घडीपासून एक वीत नि चार बोटं खाली खूण करा. बाहेरच्या कडेपासून आत सहा बोटं आडवी टीप घ्या, तिथून काटकोनात वळून सरळ खालपर्यंत. अंग बारीक असेल तर आठ बोटं. कोपऱ्यावर टिपेला धक्का न लावता कातरीनं एक लहान चीर द्या, नाहीतर तिथं ओढ बसते. आत राहिलेलं कापड कापू नका, माया म्हणून राहू द्या. पुढं अंग सुटलं तर उसवून दोन बोटं वाढवता येतं. काठ चारी टोकांना घेरावर येतात, त्यामुळं वेगळी लेस नको. काठ गडद असेल तर पहिले तीन धुणं वेगळे काढा.